दोन युकुलेल्या आणि एक नात

बँकेत असताना तारण म्हणून आलेल्या सोन्याचं मूल्यांकन करून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. सराफ दागिना कसोटीवर घासून भाव सांगे, मी तो कागदावर मांडत असे. त्या दागिन्यावर मालकिणीचा जीव किती, यासाठी फॉर्मात रकाना नव्हता. आता निवृत्तीनंतर आमच्या कपाटात, सौ.च्या साड्या थोड्या बाजूला सारून, मी दोन छोट्या पेट्या ठेवल्या. त्यांत हातानं घडवलेल्या दोन सोप्रानो युकुलेल्या. ‘एकीनं भागत नव्हतं का?’ हा सौ.चा प्रश्न अजून निकाली निघालेला नाही. किंमत इथे सांगत नाही; ती हे पान वाचते.

युकुलेली म्हणजे दिसायला गिटारचं धाकटं भावंड. तारा चार, आणि सोप्रानो ही नेहमीच्या आकारांतली सगळ्यांत लहान, जेमतेम २१ इंचांची. वाद्य हवाई बेटांचं, पण मूळ पोर्तुगीज. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज मदेरा बेटावरची माणसं उसाच्या मळ्यांसाठी घेऊन होनोलुलूला लागलं. त्यांत न्युनिश, डियश आणि एस्पिरितु सांतु हे तिघे लाकूडकाम जाणणारे होते. पुढे त्यांनी होनोलुलूत दुकानं थाटली आणि आपल्या गावाकडच्या चार तारांच्या ‘मशेत’वरून हे नवं वाद्य घडवलं. राजा कालाकाउआला ते आवडलं नि दरबारात शिरलं. नावाचा रूढ अर्थ ‘उड्या मारणारी पिसू’! वाजवणाऱ्याची बोटं पाहिली की पटतो.

२०१८ साली लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेलो असताना तिनं आम्हाला आठवडाभर हवाईला नेलं. लोक समुद्रावर गेले, मी कामाका घराण्याचा कारखाना पाहायला गेलो. १९१६ पासून ते हेच काम करतात. तिथली एक गोष्ट मनात रुतून बसली. लाकडाची फळी किती पातळ तासायची हे ठरवायला त्यांनी ऐकू न येणारे कारागीर नेमले होते. फळीवर टिचकी मारायची आणि कंप बोटांना कळू द्यायचा. सूर कानाच्या आधी हाताला कळतो, हे मला साठीच्या उंबरठ्यावर समजलं.

माझी पहिली युकुलेली त्याच मुक्कामात एका छोट्या कार्यशाळेतून घेतली. ती कोआची. कोआ फक्त हवाईत होतो. आपल्याकडे रस्त्याकडेला लावतात त्या ऑस्ट्रेलियन बाभळीचा तो नातलग. रंग मधासारखा, आत उन्हाच्या लाटा. छेडली की स्वर टणकन उठतो आणि लगेच विरतो. दुसरी महोगनीची, २०२२ साली कॅलिफोर्नियातल्या एकट्यानं काम करणाऱ्या कारागिराकडून घेतलेली. दिसायला साधी, पाटासारखी तपकिरी. पण आवाज गोल, पोटातून आलेला. जुन्या गायिकेनं खर्ज लावावा तसा. कोआ सकाळी बरी वाटते, महोगनी दिवेलागणीला. हे शास्त्र नव्हे, माझी सवय आहे.

दोघींनाही तंबोऱ्यासारख्या, नुसत्या दाबावर टिकणाऱ्या खुंट्या आहेत. महोगनीच्या ऐकतात. कोआच्या पावसाळ्यात फुगून बसतात, उन्हाळ्यात फिरकी घेतात. आणखी गंमत म्हणजे हनुवटीकडची तार इथे जाड नसते, उंच स्वराची असते. गिटारवाले गोंधळतात. आपण गोंधळू नये. तंबोऱ्याच्या तारा तरी कुठे चढत्या रांगेत असतात?

२०१९ च्या एप्रिलमध्ये मी कोआची युकुलेली कौतुकानं भिंतीवर टांगली आणि पुण्याच्या कोरड्या उन्हानं तिची छाती चिरली. दोन मिलिमीटरचीसुद्धा नसलेली फळी. ओल गेली की आकसते. चूक सर्वस्वी माझी. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेली. तिथल्या वृद्ध कारागिरानं हे वाद्य पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्यानं काही न विचारता पाठीवर टिचकी मारली आणि डोळे मिटले. होनोलुलूत ऐकलेली तीच टिचकी! आठवड्यानं चीर जोडून मिळाली. नखाएवढी रेघ राहिली. खरं सांगतो, त्यानंतर ती मला जास्त आवडू लागली.

गेल्या डिसेंबरात आठ वर्षांची नात आली. तिच्या शाळेत युकुलेली शिकवतात. ‘आजोबा, एक मला द्या ना,’ ती म्हणाली. मी अधिकाऱ्याच्या सवयीनं कागदावर दोन रकाने पाडले. महोगनी : धड, सूर पक्का, लहान मुलीला सोयीची. कोआ : जोडलेली, लहरी. महोगनी द्यायचं ठरवून मी तीच पुढे केली. तिनं दोन्ही पेट्या उघडायला लावल्या. दोन्ही वाजवल्या. मग कोआच्या त्या रेघेवरून बोट फिरवत विचारलं, ‘हिला काय झालं होतं?’ मी उन्हाची, मिरजेची, टिचकीची सगळी गोष्ट सांगितली. तीच सांगायला नको होती.

‘मग मला हीच,’ ती म्हणाली.

विमानतळावर मी तिला, पेटीत ओलाव्याचा स्पंज ठेवलायस ना, असं तीनदा विचारलं. कपाटात आता एकच पेटी आहे. रिकाम्या जागी सौ.नं साड्या परत लावलेल्या नाहीत.