ताऱ्याचा मंद सोबती कसा मोजावा

डोळ्यांस एकटा दिसणारा तारा पुष्कळदा एकटा नसतो. दुर्बिणीतून पाहिले म्हणजे त्याच्या कडेला एखादा मंद ठिपका दिसतो. हा ठिपका त्याचा खरा सोबती, की फार मागे असलेला एखादा परका तारा एकाच रेषेत आल्यामुळे शेजारी भासतो, हे नुसते पाहून कळत नाही. ते मोजावे लागते, आणि वर्षानुवर्षे मोजावे लागते. हे काम आपल्या पुण्यात पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेले आहे, हे श्रोत्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

विल्यम स्टीफन जेकब हे मुंबई इलाख्यातील लष्करी इंजिनिअर. १८४२ साली त्यांनी पुण्यास स्वतःची वेधशाळा उभारली आणि डॉलंडच्या पाच फुटी दुर्बिणीतून १८४५ ते १८४८ या काळात २४४ जोडताऱ्यांचे वेध घेतले. सरकारी हुकूम नव्हता, हौस होती.

मोजायचे काय? दोनच गोष्टी: सोबती मुख्य ताऱ्याच्या कोणत्या दिशेस आहे आणि किती दूर आहे. दुर्बिणीच्या नेत्रभिंगाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू ताणलेले असतात. चौकट फिरवून एक तंतू दोन्ही ताऱ्यांवरून जाईल असा धरला की उत्तरेपासूनचा कोन मिळतो. मग एक तंतू एका ताऱ्यावर ठेवून दुसरा स्क्रूने सरकवीत सोबत्यावर आणायचा. स्क्रूचे फेरे मोजले की अंतर मिळते. हे अंतर विकलांत असते. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला. पुण्यात वीतभर अंतरावर दोन दिवे ठेवले आणि लोणावळ्याहून पाहिले, तर त्यांच्यामधील कोन सुमारे एक विकला भरेल! त्यात हवा थरथरते, तारा नाचतो, आणि तंतू नेमका कोठे टेकला हे डोळा आपल्या सवयीने ठरवितो.

अशी मापे तारीखवार कागदावर मांडली की ठिपक्यांतून हळूहळू लंबवर्तुळ उमटते. भुजंगधारी समूहातील ७० क्रमांकाचा तारा घ्या. १७७९ साली विल्यम हर्शलने तो जोडतारा असल्याचे पाहिले. त्याच्या सोबत्याची फेरी सुमारे ८८ वर्षांची. म्हणजे एका माणसाच्या हातून ती पुरी मोजून होणे कठीणच. ताऱ्याचे अंतर साडेसोळा प्रकाशवर्षांच्या आसपास असल्यामुळे कक्षेचा सरासरी व्यासार्ध पृथ्वी-सूर्य अंतराच्या २३ पट निघतो. आता २३ चा घन १२,१६७. त्यास ८८ च्या वर्गाने, ७,७४४ ने, भागा. उत्तर येते सुमारे १.६. दोन्ही ताऱ्यांचे मिळून वजन सूर्याच्या दीडपटीहून थोडे अधिक! कोळ्याच्या धाग्याने तारे तोलले गेले ते असे.

याच ताऱ्याने जेकबांना चकविले. पुढे मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख असता, १८५५ साली, त्यांना दिसले की मापे कक्षेशी नीट जुळत नाहीत. फरक विकलेच्या अंशाएवढा. त्यांनी सुचविले की एखादा न दिसणारा ग्रह तेथे ओढ लावीत असावा. कल्पना वेडगळ नव्हती. व्याधाची चाल नागमोडी आहे हे ओळखून बेसेलने १८४४ साली अदृश्य सोबत्याचे भाकीत केले होते, आणि १८६२ च्या जानेवारीत अमेरिकेत आल्व्हन क्लार्कला तो दिसलाही. पण ७० भुजंगधारीचा ग्रह मात्र टिकला नाही. पुढे दुसऱ्या एका ज्योतिर्विदाने तसाच काळा सोबती मांडला, तेव्हा १८९९ मध्ये मोल्टनने गणिताने दाखविले की अशी त्रयी स्थिर राहू शकणार नाही. जेकबांना दिसला तो बहुधा मापनातील दोषच. तरीही दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह वेधांतून शोधण्याचा हा फार जुना प्रयत्न होय, आणि आम्हांस त्याचे मोल कमी वाटत नाही.

मापे सुधारायची तर हवा स्थिर हवी, म्हणून जेकबांना पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा हवी होती. १८६२ साली ब्रिटिश पार्लमेंटने तीसाठी एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्यांनी स्वतःच विकत घेतली. ८ ऑगस्टला ते मुंबईस उतरले. बोरघाटातील लोहमार्ग तेव्हा खुला व्हायचा होता; तो १८६३ साली झाला. मुंबईहून पुण्यास निघालेल्या उतारूला खोपोलीकडून घाट सडकेने चढून खंडाळ्यास पुन्हा गाडी धरावी लागे, आणि ऑगस्टातला आपला घाट कसा असतो हे मावळच्या लोकांना सांगायला नको. पुण्यास पोहोचल्यावर १६ ऑगस्टला जेकब वारले. डोंगरावरची वेधशाळा राहून गेली. पुणे जिल्ह्यातच गिरावलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली ती २००६ साली.

७० भुजंगधारी संध्याकाळी डोक्यावर येतो तो नेमका श्रावण-भाद्रपदात, म्हणजे लोणावळ्यास ढगांआड. दसऱ्यानंतर मात्र रात्री आठच्या सुमारास तो पश्चिमेस सापडतो. सध्या त्याचा सोबती फार दूर गेलेला आहे, साडेसहा विकलांच्या घरात. तेव्हा तीन इंची दुर्बीणही दोघांस वेगळे दाखविते, एक पिवळसर, दुसरा नारिंगी.