विरजण

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचा लांबलचक व्हरांडा. दुपारचे तीन. पोस्टरं चिकटवायची धांदल उडालीय. एकाकडे टेप आहे, कात्री नाही. दुसरी दातानंच टेप तोडतेय. विषय उत्क्रांती, मांडणारे सगळे पीएच.डी.चे विद्यार्थी. मी हाडं नि सांगाडे बघायच्या तयारीनं आलोय. इथं एक हाड दिसेल तर शपथ.

पहिल्या पोस्टरखाली काचेच्या दोन नळ्या, तोंडाला कापसाचे बोळे. आत फळमाश्या, म्हणजे आपली केळ्यांवरची चिलटं. तळाशी केळं, गूळ, बार्ली आणि यीस्टचा तपकिरी लगदा; जवळ गेलं की आंबूस वास येतो. कोशातून सगळ्यात आधी बाहेर येणाऱ्या माश्यांनाच पुढची पिढी वाढवू द्यायची, असा खेळ. बंगळुरूला अमिताभ जोशींच्या प्रयोगशाळेत ही निवड शेकडो पिढ्या चालली, तेव्हा माश्या घाईच्या झाल्या, अंगानं लहान झाल्या, आणि मूळच्या माश्यांशी त्यांची जोडी जमणं अवघड होऊन बसलं. मुलगा हे सांगताना माझ्याकडे नाही, नळीकडे बघतोय.

पुढच्या पोस्टरपाशी मात्र मी अडकतो. तिथं मुलीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर तिची आई बसलीय. सकाळच्या एसटीनं कराडहून आलीय, मांडीवर तिळगुळाचा डबा. पोस्टर इंग्रजीत, त्यामुळे लेक आईला मराठीतून समजावतेय.

‘‘अगं, हे जंतू. ई. कोलाय. रोज संध्याकाळी कालच्यातलं ०.१ मिलिलिटर घ्यायचं आणि ९.९ मिलिलिटर ताज्या मीडियममध्ये टाकायचं. रात्रीतून ते शंभरपट होतात. म्हणजे दिवसाला साडेसहा पिढ्या.’’

‘‘आणि दुसऱ्या दिवशी?’’

‘‘पुन्हा तेच.’’

‘‘म्हणजे विरजणच की,’’ आई म्हणते.

लेक गप्प होते, मग हसते. दीड तासात तिला इतकं नेमकं कुणी बोललेलं नसावं.

‘‘एक दिवस चुकलं तर?’’

‘‘चुकवायचं नाही.’’

‘‘म्हणून दिवाळीला आली नाहीस होय!’’

यावर मुलगी पोस्टरचा कोपरा उगाच दाबून बसवते.

या पद्धतीचे आद्य कारभारी अमेरिकेतले रिचर्ड लेन्स्की. २४ फेब्रुवारी १९८८ला त्यांनी एकाच जंतूपासून बारा वंश सुरू केले. २००३ साली, सुमारे ३३,००० पिढ्यांनंतर, बारातला एक फ्लास्क अचानक गढूळ झाला. आधी वाटलं बाहेरचा जंतू शिरला. पण यातल्या जंतूंना हवा असतानाही सायट्रेट खाता येऊ लागलं होतं, जे एरवी ई. कोलायला जमत नाही. झॅकरी ब्लाऊंट तेव्हा तिथला विद्यार्थी. त्यानं गोठवून ठेवलेले जुने पूर्वज बाहेर काढून हा डाव पुन्हा मांडला. २०,००० पिढ्यांच्या अलीकडच्या जंतूंतूनच ती करामत परत घडली. त्याआधीच्यांतून एकदाही नाही. आधीचा कुठलातरी बदल पाया घालून गेला होता.

मुलगी आता दोन प्लेटा दाखवतेय. लाल ठिपके पूर्वजांचे, पांढरे वंशजांचे. पूर्वज उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ग्लिसरॉलात झोपलेले असतात. त्यांना उठवायचं, वंशजांबरोबर एकाच फ्लास्कमध्ये सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी ठिपके मोजायचे. पणजोबा आणि पणतूची कुस्ती! हे मोजणं हातानंच. प्लेटच्या पाठीवर मार्करच्या टिंबांची दाटी झालीय.

परीक्षक येतात. पाटी-पेन्सिल धरावी तसा कागद धरलेला.

‘‘सहाच फ्लास्क का?’’

‘‘एकात बदल दिसला तर योगायोग म्हणता येतो, सर. सहाही एकाच दिशेनं गेले तर तसं म्हणता येत नाही.’’

‘‘गेले का?’’

‘‘पाच गेले.’’

‘‘सहावा?’’

‘‘अजून कळलेलं नाही.’’

सर कागदावर काहीतरी खरडतात आणि माश्यांकडे वळतात. आई माझ्याकडे बघून भुवया उंचावते : पास की नापास? मला काय ठाऊक!

पावणेसहाला कॅन्टीनमधून बटाटेवड्यांचा वास येतो आणि व्हरांडा पाच मिनिटांत रिकामा होतो. मुलगी पोस्टर गुंडाळते, घड्याळ बघते आणि वड्यांच्या उलट दिशेला चालू लागते. मागून आई. आईमागून, आगाऊपणानं, मी.

प्रयोगशाळेत आम्हांला प्रवेश नाही. दाराच्या काचेतून दिसतं : हातमोजे, बर्नरची निळी ज्योत, पिपेटचं टोक फ्लास्कमध्ये बुडतं, वर येतं. एक. दोन. मागं शेकरची घरघर.

‘‘केवढंसं घेते हो,’’ आई पुटपुटते. आमचे दोघांचेही श्वास काचेवर धुकं धरतायत. ती पदरानं पुसते.

थोड्या वेळानं विचारते, ‘‘रोज ह्या वेळी एकटीच असते का इथं?’’

आत मुलगी सहाव्या फ्लास्कवर तारीख लिहितेय.