आल्यालिंबाचें फसफसतें पेय

सोडावॉटरच्या बाटलींत कर्बवायु यंत्रानें भरलेला असतो. परंतु तोच वायु घरच्या भांड्यांतहि उत्पन्न करतां येतो. इंग्लंडांत अशा पेयास ‘जिंजर बिअर’ म्हणतात. मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्यांतील सूक्ष्म जीवांविषयींचें आपलें संशोधन १८९२ सालीं प्रसिद्ध केलें.

२ लिटर पाण्यांत ५० ग्रॅम ठेचलेलें आलें, मूठभर गवती चहा व २०० ग्रॅम साखर घालून उकळावें. पाणी कोमट झाल्यावरच २ लिंबांचा रस व चिमूटभर यीस्ट घालावें, कारण कढत पाण्यांत यीस्ट मरतें. भांडें फडक्यानें झांकून एक दिवस ठेवावें. यीस्ट साखर खाऊन कर्बवायु व थोडा मद्यार्क निर्माण करतें. मग पेय गाळून, वर चार बोटें जागा सोडून, बाटल्यांत भरावें.

एका उन्हाळ्यांत आम्ही कांचेची बाटली घट्ट बंद करून दोन दिवस विसरलों. ती पहाटे फुटली व कांचा स्वयंपाकघरभर उडाल्या. सुदैवानें तेथें कोणी नव्हतें. तेव्हांपासून आम्ही सोडावॉटरची प्लास्टिकची बाटली वापरतों आणि ती दाबून कठीण लागतांच फ्रीजमध्यें ठेवतों. थंडीनें यीस्टचें काम मंदावतें, थांबत नाहीं. म्हणून पेय दोनतीन दिवसांत संपवावें.

विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग वडील माणसांच्या देखत करावा. त्यांत मद्यार्क असल्यानें पालकांनीं मुलांस यीस्ट न घातलेलें ताजें सरबतच द्यावें. जी शक्ति पेयास फेस आणते, तीच दुर्लक्ष झाल्यास बाटली फोडते, हें ध्यानांत ठेवावें.