चार्जिंगची उष्णता आणि केबलचें आयुष्य

फोन चार्जिंगला लावला कीं थोड्या वेळानें त्याची पाठ गरम लागूं लागते, ही गोष्ट घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु ही उष्णता येते कोठून, तिच्यापैकीं निरुपद्रवी किती आणि अपायकारक किती, याविषयींच्या समजुती मात्र फार गोंधळाच्या आहेत. कोणी चार्जरला दोष देतो, कोणी नवी केबल आणतो, आणि कोणी फोनच बिघडला असें समजून दुकानाची वाट धरतो. रिक्षावाल्याचें भाडें, भाजीवाल्याच्या गाडीवरील पैशांची देवघेव आणि परगांवीं शिकणाऱ्या मुलाची खुशाली या हातभर वायरीवर अवलंबून राहूं लागल्यापासून हा गोंधळ महाग पडूं लागला आहे. उशीखालीं फोन ठेवून झोपणाऱ्याच्या बाबतींत तो केवळ पैशांचाच प्रश्न राहत नाहीं.

उष्णता उत्पन्न होण्याचीं ठिकाणें तीन: भिंतीवरील सॉकेटांत बसविलेला चार्जर, मधली केबल आणि फोनचें पोट. यांपैकीं चार्जरची हकीकत थोडक्यांत आटोपते. घरांतील २३० व्होल्टांची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन तिचें पांच, नऊ किंवा अशाच थोड्या व्होल्टांच्या एकमार्गी विजेंत रूपांतर करणें हें त्याचें काम. या रूपांतरांत कांहीं वीज वाया जाते, आणि वाया गेलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते. चार्जर हाताला कोमट लागला तर चिंतेचें कारण नाहीं. हात ठेववत नाहीं इतका तापला, किंवा त्याला जळका वास येऊं लागला, तर तो काढून ठेवावा हें सांगावयास शास्त्रज्ञ नको.

केबलचें प्रकरण याहून पुष्कळ खोल आहे. तिच्यांत यंत्र असें दिसत नाहीं, म्हणून लोक तिच्याकडे दोरीसारखें पाहतात. पण विजेच्या वाटेवरील सर्वांत दुबळा दुवा बहुधा तीच असते. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं दाब, प्रवाह आणि अवरोध यांचें नातें प्रसिद्ध केलें, आणि १८४१ सालीं इंग्लंडांतील जूल यानें दाखवून दिलें कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट न होतां चौपट होते. चार्जिंगच्या केबलचें सारें भवितव्य या एका नियमांत सामावलेलें आहे.

एक उदाहरण घ्यावें. स्वस्त केबलमध्यें वीज वाहणारी तार पुष्कळदां अमेरिकन मापाच्या २८ क्रमांकाची असते. (या मापांत आंकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हा उलटा हिशेब प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटतो.) तिचा व्यास सुमारे ०.३२ मिलिमीटर आणि एका मीटरचा अवरोध सुमारे ०.२१ ओहम. प्रवाह एका तारेनें जातो व दुसरीनें परत येतो, म्हणून मीटरभर केबलचा अवरोध झाला सुमारे ०.४३ ओहम. दोन अँपिअर प्रवाह सोडला कीं तेवढ्या प्रवासांतच सुमारे ०.८५ व्होल्ट दाब खर्च होतो आणि १.७ वॅट उष्णता निघते. चार्जरनें ५ व्होल्ट दिले तरी फोनच्या दारीं ४.१५ व्होल्टच पोंचतात. आणि फोनची बॅटरी भरत आली असतां तिचाच दाब ४.२ व्होल्टांपर्यंत किंवा त्याहून थोडा वर जातो. मग फोन शहाणपणानें प्रवाह कमी करून घेतो, आणि मालक म्हणतो, "चार्जर मंद झाला!" तीच केबल २४ क्रमांकाच्या जाड तारेची असती तर दाबाची घट एकतृतीयांश व्होल्टच्या आसपास राहिली असती, आणि उष्णता पाऊण वॅटाहून कमी. हळू चार्जिंगच्या निम्म्या तक्रारी तरी नवा चार्जर न घेतां जाड आणि आखूड केबल घेतल्यानें मिटण्यासारख्या असतात.

असें असलें तरी ही दीड-दोन वॅट उष्णता मीटरभर लांबींत पसरलेली असते, आणि म्हणून ती केबलला किंचित् ऊबदार करण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं. अपाय होतो तो उष्णता एका जागीं सांचली म्हणजे. आणि ती जागा बहुतेक केबलांत एकच असते. ती म्हणजे पिनेच्या लगतची मान.

पकड नसतां लोखंडी तार तोडावयाची झाल्यास मनुष्य ती त्याच जागीं वारंवार इकडून तिकडे वांकवितो. वांकविण्यानें धातु प्रथम कठीण होतो, मग त्याला सूक्ष्म चिरा पडतात आणि शेवटीं तो तुटतो. तांब्याचीही तीच गत. तार जितकी जाड आणि वळण जितकें तंग, तितका तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ताण अधिक. पांच मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर ०.३२ मिलिमीटर जाडीची सलग तार शेंकडा तीनहून अधिक ताणली जाते. त्याच वळणावर ०.०८ मिलिमीटरचा धागा शेंकडा एकाहून कमी. म्हणूनच चांगल्या केबलमध्यें एक जाड तार न घालतां केंसासारख्या अनेक बारीक धाग्यांचा पीळ घालतात. पण अंथरुणांत पडून, फोनचें खालचें टोक छातीवर टेकवून चित्रपट पाहणारा मनुष्य केबलच्या मानेला काटकोनांत मोडीत असतो, आणि अशा मोडण्यापुढें बारीक धागेही फार दिवस टिकत नाहींत.

धागे एकदम तुटत नाहींत. एकामागून एक तुटतात. निम्मे तुटले म्हणजे उरलेल्या प्रत्येकास दुप्पट प्रवाह वाहावा लागतो, आणि तेवढ्या तुकड्यांतील उष्णता एकंदरींत दुप्पट होते. अखेरीस तुटलीं टोकें एकमेकांना नुसतीं टेकून उरतात. अशा सैल स्पर्शाचा अवरोध समजा अर्धा ओहम झाला, तर दोन अँपिअर प्रवाहाला तेथें दोन वॅट उष्णता निघणार, तीही तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेंत. तीन अँपिअर असतील तर साडेचार वॅट. भोंवतालचें प्लॅस्टिक मऊ होतें, पिवळें पडतें, काळवंडतें. यांत एक गोष्ट नीट लक्षांत घेण्यासारखी आहे. चार्जरांतील संरक्षणाची योजना प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला तर वीज तोडते. सैल जोडांत प्रवाह वाढत नाहीं. उलट थोडा कमीच होतो. चार्जरला सर्व कांहीं ठीक दिसतें, आणि मान मात्र तापत राहते. घरांतील सैल बसणारा प्लगही याच न्यायानें काळा पडतो.

केबलच्या वरील आवरणाविषयीं विक्रेते पुष्कळ बोलतात. पीव्हीसीचें आवरण स्वस्त, पण कालांतरानें कडक होणारें. रबरासारखीं नवीं प्लॅस्टिकें मऊ असतात, परंतु कांहीं लवकर फाटतात. नायलॉनची वीण दिसावयास सुरेख आणि घर्षणाला चांगली. मात्र मानेजवळची लवचिक बाही आंखूड किंवा ताठ असेल तर त्या विणीचा आंतील तांब्याला फारसा उपयोग नाहीं. ती बहुतांशीं शोभेचीच समजावी. खरा फरक पडतो तो आंत आरामिड धाग्याचा गाभा असल्यास. केव्हलार या नांवानें प्रसिद्ध असलेला हा धागा अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ सालच्या शोधांतून निघाला. ओढ बसली असतां ती तांब्यानें न सोसतां या धाग्यानें सोसावी, अशी ती योजना आहे.

मानेखालोखाल दुर्लक्षित राहणारी जागा म्हणजे पिनेचे स्पर्शबिंदु. खिशांतील कापसाची लव फोनच्या छिद्रांत दाबली जाऊन तिचा बूच बनतो आणि पिन पूर्ण बसत नाहीं. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत, किंवा घामानें ओल्या झालेल्या खिशांतून काढल्यावर, पिन ओली असतां तींतून वीज सोडली कीं विद्युद्विघटनानें मुलामा झिजतो आणि स्पर्शबिंदु काळे पडतात. ओली पिन कोरडी होईपर्यंत थांबावें, आणि लव काढावयाची ती फोन बंद करून, लांकडी काडीनें काढावी. सुई घालूं नये.

प्रवाहाच्या वर्गाचा तो नियम चुकवितां येत नाहीं, पण त्याला बगल देतां येते. १९१५ सालीं खोपोलीच्या टाटा जलविद्युत् केंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना वीज निघाली, ती सुमारे एक लाख व्होल्टांच्या दाबानें. कारण दाब वाढविला कीं तितक्याच शक्तीला प्रवाह कमी पुरतो आणि तारांतील नासाडी घटते. जलद चार्जिंगच्या एका पद्धतींत नेमकें हेंच केलें आहे. १८ वॅट शक्ति ५ व्होल्टांनीं पाठवावयाची तर ३.६ अँपिअर लागतात, ९ व्होल्टांनीं दोनच. केबलमधील उष्णता तिपटीहून अधिक घटते. मात्र हा चढा दाब फोनच्या आंत पुन्हां उतरवावा लागतो, आणि त्या कामाची उष्णता फोनच्या पोटांत निघते. दुसऱ्या पद्धतीनें, म्हणजे २०१४ सालीं ओप्पो या चिनी कंपनीनें आणलेल्या पद्धतीनें, दाब कमीच ठेवून प्रवाह चार अँपिअरांवर नेला. त्यायोगें फोन थंड राहिला आणि भार केबलवर आला; म्हणूनच त्या केबली जाड असतात, आणि तेथें साधी केबल लावली असतां चार्जिंग आपोआप मंद होतें. टाइप-सी केबलींतून तीन अँपिअरांहून अधिक प्रवाह न्यावयाचा असेल तर केबलमध्यें स्वतःची ओळख सांगणारी एक चकती असावी लागते. ती नसेल तर चार्जर अधिक प्रवाह देत नाहीं.

हे नियम कागदावरच राहिले तर काय होतें, याचा अनुभव गूगलमधील अभियंते बेन्सन लेउंग यांना आला. बाजारांतील टाइप-सी केबली ते स्वतः तपासून पाहत. २०१६ च्या फेब्रुवारींत अशा एका केबलमध्यें वीज जाण्याची आणि परतण्याची तार उलट जोडलेली निघाली, आणि ती लावतांच त्यांचा लॅपटॉप व तपासणीचीं उपकरणें निकामी झालीं. पुढच्याच महिन्यांत अॅमेझॉननें नियमांत न बसणाऱ्या टाइप-सी केबलींच्या विक्रीवर बंदी घातली.

आतां फोनचें पोट. लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं सोनी कंपनीनें प्रथम बाजारांत आणली, आणि तिच्या मूळ संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. चार्जिंगच्या वेळीं तिच्या अंतर्गत अवरोधामुळें उष्णता निघते. फोनला पंखा नाहीं, म्हणून ती पाठीवाटेच बाहेर पडते. बॅटरींतील द्रव आणि विद्युत्‌द्वारें यांच्यामध्यें अनावश्यक अशा रासायनिक क्रिया सतत मंद गतीनें चालूं असतात. उष्णतेनें त्यांची गति वाढते, आणि त्यांत खपलेलें लिथियम पुन्हां कामास येत नाहीं. बॅटरी म्हातारी होते ती अशी. सामान्यतः शून्य ते ४५ अंश सेल्सिअस ही चार्जिंगची मर्यादा समजतात. चंद्रपुरास मे महिन्यांत नुसत्या हवेचेंच उष्णतामान ४५ अंशांपलीकडे जातें, तेव्हां मोटारीच्या काचेमागें ठेवलेला फोन चार्जिंग नाकारतो यांत नवल नाहीं. ती त्याची आत्मरक्षा आहे. बिनतारी चार्जिंगमध्यें नासाडी अधिक आणि म्हणून ऊबही अधिक. उशी किंवा गोधडी उष्णता कोंडून धरते; जाड कव्हर थोडेंफार तेंच करतें. बॅटरी पूर्ण भरलेली आणि तापलेली, अशी दोन्हीं संकटें एकत्र येणें सर्वांत वाईट. म्हणून पुष्कळ फोनांत शेंकडा ८० वर थांबण्याची सोय केलेली आढळते. युरोपीय संघानें तर २० जून २०२५ पासून असा दंडक घातला आहे कीं, नव्या फोनच्या बॅटरीनें ८०० वेळां भरून रिकामें झाल्यावरही मूळ क्षमतेच्या शेंकडा ८० तरी राखली पाहिजे.

टाइप-सी जोडाची एक खुबी सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्यांतील झिजणाऱ्या स्प्रिंगा फोनमध्यें न बसवितां मुद्दाम केबलच्या पिनेंत बसविल्या आहेत. झीज व्हावयाचीच तर ती स्वस्त वस्तूची व्हावी हा हेतु. हा जोड दहा हजार वेळां घालण्या-काढण्यास टिकावा अशी अपेक्षा असते. दिवसांतून तीनदां म्हटलें तरी नऊ वर्षें झालीं. केबल मात्र वर्ष-दीड वर्षांतच जाते, कारण पिन शाबूत असतांना मान तुटते. तुटूं लागल्याची खूण सोपी आहे: वायर विशिष्ट कोनांत धरली तरच चार्जिंग सुरू राहतें, आणि पिनेजवळ बोट लावलें तर बाकीच्या केबलपेक्षां तेथें स्पष्ट गरम लागतें. पुष्कळ लोक अशा मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळून आणखी सहा महिने काढतात. पट्टीनें वरचें आवरण झाकतें. आंतील तुटलेले धागे कांहीं जुळत नाहींत, तेथील उष्णतेला बाहेर पडण्याची वाट तेवढी कमी होते आणि काळवंडणारें प्लॅस्टिक नजरेआड जातें.