घर सोडणारे मूल : शिनोलीचा परिसर आणि इंग्लंड

दोन देशांतील बाल्य व कुटुंबजीवन यांची तुलना करताना, आपल्याकडे मूल गोतावळ्यात वाढते आणि पाश्चात्त्य देशांत ते लवकर घर सोडते, असे विधान सहज केले जाते. आंबेगाव तालुक्यातील शिनोली व तिच्या पश्चिमेचा डोंगरी भाग समोर ठेवून हे विधान तपासावयाचे आहे.

प्रथम इंग्लंडचा विचार करू. पीटर लॅस्लेट यांच्या गणनेनुसार सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्रज कुटुंबाचा सरासरी आकार सुमारे 4.75 माणसे एवढाच होता. तेव्हा कारखानदारीने तेथील एकत्र कुटुंब मोडले, ही समजूत टिकत नाही. अ‍ॅन कुसमॉल यांनी 1981 मध्ये दाखविले की, 15 ते 24 वयाच्या सुमारे 60 टक्के व्यक्ती परक्याच्या घरी नोकर म्हणून राहत. हा नोकर आपल्या सालगड्याप्रमाणे वर्षाच्या कराराने बांधलेला असे. मात्र तो बहुधा अविवाहित असे, मालकाच्या घरीच जेवी आणि वेतन साठवून पुढे स्वतंत्र संसार थाटी. घर सोडणे ही नव्या घराची पूर्वतयारी होती.

आता घोड नदीचे खोरे पाहू. शिनोलीपुढे डिंभे धरण आणि त्यापलीकडे महादेव कोळी समाजाची गावे लागतात. भातशेती व हिरडा यांवर वर्षभर भागत नाही. भाताची कापणी झाली की अनेक कुटुंबे मजुरीसाठी पूर्वेकडील बागायती भागात उतरतात. अशा कुटुंबांतील पुष्कळ मुले निवासी आश्रमशाळांत राहतात. तेथे पहिलीपासून प्रवेश मिळत असल्याने, काही मुले सहा-सात वर्षांची असतानाच, म्हणजे इंग्रज तरुणाच्या कितीतरी आधी, घराबाहेर पडतात. आरंभीचे विधान येथे उलटते.

मग भेद कोठे आहे? तो घर सोडण्याच्या वयात नसून परतण्याच्या दिशेत आहे. इंग्रज नोकर सामान्यतः आईबापांच्या घरी संसार करण्यासाठी परतत नसे. आश्रमशाळेतील मूल दिवाळीत व उन्हाळ्यात घरी किंवा मामाच्या गावी येते. मुलगी पुढे सासरी गेली तरी माहेर तिचे राहते. ‘माहेर’ या अर्थाचा एकच रूढ शब्द इंग्रजीत नाही, ही गोष्ट केवळ भाषेची नव्हे.

यातून अध्ययनपद्धतीचा एक प्रश्न उद्भवतो. इरावती कर्वे यांनी 1953 मध्ये एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना एक छप्पर व एक चूल यांना स्थान दिले. आय. पी. देसाई यांनी 1964 मध्ये महुवा येथील अभ्यासात सहनिवासापेक्षा परस्परसंबंधांवर भर दिला. जनगणनेत वसतिगृह हे ‘संस्थात्मक कुटुंब’ ठरते. म्हणून चुलीच्या मापाने आश्रमशाळेतील मूल आपल्या कुटुंबातून वगळले जाते. लॅस्लेट यांच्या गणनेत मात्र परका नोकरही मालकाच्या कुटुंबात मोडतो. दोन्हीकडील आकडे शेजारी मांडले, तरी ते एकाच वस्तूचे माप नसतात.

यास्तव क्षेत्रकार्य करणाऱ्याने घरात किती माणसे जेवतात, एवढेच विचारून थांबू नये. मूल आजारी पडल्यास त्याला कोण आणावयास जाते, त्याच्या शिक्षणाचा निर्णय कोण घेते आणि सुटीत ते कोणाच्या दारी उतरते, हेही विचारावे. नाहीतर पोटासाठी पांगलेल्या कुटुंबाला आपण मोडलेले कुटुंब म्हणू, आणि त्यावर आधारलेली धोरणेही चुकतील.