वाळा: नागपूरच्या उन्हाला पुरून उरणारे गवत

मार्च उलटला की नागपुरात रस्त्यांच्या कडेला वाळ्याच्या ताट्या दिसू लागतात. गिऱ्हाईक ताटी उचलते, वास घेते, मुळे दाट भरली आहेत की नुसताच देखावा आहे ते बोटाने दाबून पाहते आणि मग घासाघीस करते. लाकडाच्या भुशाच्या ताट्या स्वस्त पडतात, तरी कूलरची निदान एक बाजू वाळ्याचीच हवी असा आग्रह धरणारी घरे अजून आहेत. माठात वाळ्याची जुडी तर सगळ्यांच्याच. इतकी जुनी ओळख असूनही वाळा जमिनीत उभा असतो तेव्हा कसा दिसतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मुळे आपण दरवर्षी विकत आणतो, गवत मात्र पाहिलेलेच नसते.

ते पाहण्यासारखे आहे. वाळ्याचा ठोंब छातीपर्यंत वाढतो. पाती अरुंद, ताठ, बुडाशी घट्ट बांधलेली आणि टोकाकडे जरा झुकलेली असतात. पावसाळा सरता सरता त्यातून माणसाच्या उंचीचे दांडे वर येतात आणि त्यांवर जांभळट तपकिरी तुरे फुटतात. सकाळच्या तिरप्या उन्हात हे तुरे फार देखणे दिसतात. एकदा लावलेला ठोंब वर्षानुवर्षे त्याच जागी राहतो. तो जमिनीवरून धावत नाही आणि शेजारच्या वाफ्यात घुसत नाही. शोभेच्या गवताकडून बागेला याहून वेगळे काय हवे असते?

तरीही हल्ली नर्सरीत गेले की विचारणा होते ती पंपास गवताची. लग्नाच्या सजावटीत त्याचे पांढरे झुबके आले आणि घरोघरी ते हवेसे झाले. मूळचे ते दक्षिण अमेरिकेतले. कॅलिफोर्नियात त्याने मोकळ्या जमिनी व्यापल्या, न्यूझीलंडमध्ये तर त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. नागपुरात त्याचा निभाव लागणेही सोपे नाही. या शहराने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान पाहिले आणि डिसेंबर 2018 च्या अखेरीस 3.5 अंशांची थंडीही पाहिली. मधल्या चार महिन्यांत धो धो पाऊस आणि चिखल झालेली काळी माती. हे सगळे सोसून उभे राहणारे गवत आपल्याच नाल्यांच्या काठी आपोआप उगवत असताना परदेशी झुबक्यांसाठी पैसे मोजावेत, हे मला पटत नाही.

वाळ्याचा गारवा जुन्यांना चांगलाच माहीत होता. संस्कृतात तो उशीर. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त तिसऱ्या अंकाच्या आरंभीच शकुंतलेच्या अंगाची काहिली शमवायला उशीराचा लेप निघतो. कालिदासाशी जोडले जाणारे रामटेक इथून हाकेच्या अंतरावर असल्याने नागपूरकराला हा उल्लेख अधिकच जवळचा वाटावा. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’तही वाळ्याच्या खोल्यांचे आणि त्यांवर पाणी शिंपडण्याचे वर्णन आहे. आपला कूलर त्याच तत्त्वावर चालतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतून सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता ओढून घेते. नवतप्यात नागपूरची हवा अगदी कोरडी असते, म्हणून हे काम झपाट्याने होते. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिकाट देतो.

वाळ्याचे खरे बळ जमिनीखाली आहे. बहुतेक गवतांची मुळे वरच्या हातभर मातीत पसरतात, वाळ्याची ओळंब्यासारखी सरळ खाली उतरतात. माती मोकळी मिळाली तर पहिल्याच वर्षात ती दोन-तीन मीटर खोल जातात. मुळे बारीक, पण चिवट असतात. प्रयोगशाळेत त्यांची ताणशक्ती सरासरी 75 मेगापास्कल भरली आहे, म्हणजे साध्या पोलादाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकी. आडवी पसरत नसल्याने शेजारच्या झाडांशी त्यांची खेचाखेच होत नाही. ठोंबाचा गड्डा मातीच्या किंचित खाली असतो, त्यामुळे गुरांनी पाने ओरबाडली किंवा वणव्यात ती जळाली तरी गवत पुन्हा फुटते. पुराने गाळ आणून टाकला तर पेरांना नवी मुळे फुटतात आणि ठोंब गाळासोबत वर चढतो.

लागवड ठोंब फोडून करतात. बियांच्या भानगडीत पडू नये. उत्तर भारतातल्या रानटी वाळ्याला बी धरते, दक्षिणेकडच्या लागवडीतल्या वाणांना सहसा धरत नाही. बागेसाठी हा दुसरा प्रकार बरा. जुना ठोंब कुदळीने चहूबाजूंनी मोकळा करून उपटावा, माती झटकावी आणि धारदार सुरीने फोडावा. हाताने ओढून तो फुटत नाही. प्रत्येक तुकड्यात दोन-तीन फुटवे हवेत. पाती वीतभर ठेवून छाटावीत, मुळे चार बोटे ठेवून कापावीत. लांब मुळे खड्ड्यात दुमडली की फुटवा रुसतो. कापताना मुळांचा जो वास सुटतो तो ताटीच्या वासाहून वेगळा, हिरवट आणि ओल्या मातीचा असतो. फोडलेले फुटवे उन्हात पडू देऊ नयेत, ओल्या गोणपाटात गुंडाळावेत.

मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की लगेच लावावे. शोभेसाठी दोन ठोंबांत दोन-अडीच फुटांचे अंतर पुरे. दाट कुंपण हवे असेल तर चार-सहा बोटांवर एकेक फुटवा ओळीत लावावा. खड्ड्यात ओंजळभर शेणखत पुरते. पावसाने दडी मारली तर पहिले तीन आठवडे पाणी द्यायचेच, पुढे फारसे लाड लागत नाहीत. एक अट मात्र आहे ती उन्हाची. कडुनिंबाच्या दाट सावलीत वाळा झुरतो, पाती विरळ होतात आणि एखाद्या वर्षात ठोंब मरतो. अंगणाचा जो कोपरा दुपारी तापतो आणि जिथे दुसरे काही जगत नाही, तो वाळ्याला द्यावा.

थंडीत पाती पिवळी पडतात. झाड गेले असे समजून ते उपटणारे लोक आहेत. ते विश्रांती घेत असते. दिवाळीनंतर तुरे वाळले की दांडे कापावेत आणि पावसाआधी सबंध ठोंब गुडघ्याच्या खाली छाटावा. पातीची कड धारदार असते, हातमोजे घालावेत. छाटलेली पाती फेकू नयेत. संत्र्याच्या आळ्यात किंवा गुलाबाच्या बुडाशी आच्छादन म्हणून ती लवकर कुजत नाहीत आणि ओल धरून ठेवतात. रोगकीड फारशी नाही. वाळलेल्या पात्यांना वाळवी लागते, पण छाटणी वेळेवर झाली तर तेवढेही नाही.

गच्चीवर लावायचा असेल तर उथळ कुंडी उपयोगाची नाही. 200 लिटरच्या ड्रमला तळाशी भोके पाडावीत आणि निम्मी रेती, निम्मी माती भरावी. मुळे काढायची असतील तर हेच उत्तम, कारण आपल्या काळ्या मातीतून ती अखंड निघत नाहीत. माती वाळली की दगड होते आणि ओली असली की सोडत नाही. मुळांना वास भरायला दीड वर्ष तरी द्यावे. एका ठोंबाची मुळे माठाला वर्षभर पुरतील, कूलरच्या ताटीला पुरणार नाहीत, हेही सांगायला हवे.

घराच्या कुंपणापलीकडेही या गवताला काम आहे. कर्नाटकात गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या शेताच्या हद्दीवर वाळ्याच्या ओळी राखल्या. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी भारतात माती धरून ठेवण्यासाठी याच गवताचा पुरस्कार केला आणि पुढे ते जगभर गेले. थायलंडच्या राजाने त्याची मोठी मोहीम चालवली. आपल्याकडे कोकण रेल्वेने ढासळत्या उतारांवर वाळा लावला. विदर्भातल्या वावरांचे धुरे मात्र अजून उघडेच आहेत. दरवर्षी पावसात ते खचतात आणि दरवर्षी शेतकरी त्यांवर माती चढवतो.

शहरातही तेच. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले. तसा पूर कोणतेही गवत अडवू शकत नाही. पण नाल्यांचे मातीचे काठ धरून ठेवणे आणि गाळ थोपवणे वाळ्याला नक्की जमते. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरदही तो भरपूर ओढून घेतो. खडीच्या थरात वनस्पती लावून सांडपाणी स्वच्छ करण्याचे ‘फायटोरिड’ तंत्र नागपूरच्याच नीरी या संशोधन संस्थेने विकसित केले आहे, तेव्हा ही कल्पना या शहराला नवी नाही. प्रत्येक काठ काँक्रीटने बांधण्याआधी निदान काही ठिकाणी वाळ्याची ओळ लावून पाहावी.

दिवाळीच्या दिवसांत वाळा तुऱ्यावर असतो, त्यामुळे तो ओळखायला सोपा. ज्यांच्याकडे जुना ठोंब असेल त्यांना आत्ताच सांगून ठेवा आणि जूनमध्ये चार फुटवे मागून आणा. ठोंब फोडून दिल्याने त्यांचे काही उणे होत नाही, उलट उरलेला अर्धा अधिक जोमाने फुटतो.