नगारा, तोफ आणि अंडी घालणारा वारक

चाँद दिसला का, हा प्रश्न शाबान महिन्याच्या अखेरीस जगभर विचारला जातो आणि त्यावरून वादही होतात. इंडोनेशियाच्या जावा बेटावर सेमारांग नावाचे बंदर आहे. तिथे १८८१ साली हा वाद मिटवायला एक साधी युक्ती निघाली. राज्य डचांचे होते, पण जिल्ह्याचा कारभार पाहणारा प्रमुख, ज्याला तिथे बुपाती म्हणतात, तो जावानी घराण्यातला होता. त्याचे नाव पुर्बानिंग्रात. कोणी म्हणे उद्यापासून रोजे, कोणी म्हणे परवापासून. त्याने ठरवले की मोठ्या मशिदीत बेदुग वाजेल आणि कचेरीच्या आवारात तोफ उडेल. हे दोन आवाज झाले की सगळ्यांचे रोजे एकाच दिवशी सुरू. बेदुग म्हणजे मशिदीत आडवा टांगलेला, कातड्याने मढवलेला भला मोठा नगारा. जावात अजानच्या आधी तो वाजवण्याची जुनी पद्धत आहे. नगाऱ्याचा आवाज ‘दुग’, तोफेचा ‘देर’, म्हणून या सणाचे नाव पडले ‘दुगदेरान’.

वाद मात्र कायमचा मिटला नाही. १९१२ साली स्थापन झालेली मुहम्मदिया ही संघटना खगोलगणिताने महिना ठरवते. १९२६ साली उभी राहिलेली नहदतुल उलमा प्रत्यक्ष चंद्रदर्शनाला महत्त्व देते. २०२४ मध्ये मुहम्मदियाचा पहिला रोजा ११ मार्चला झाला, सरकारने जाहीर केलेला १२ मार्चला. आपल्याकडच्या गल्लीतही हे अनोळखी नाही.

आजच्या दुगदेरानमध्ये सेमारांगचा महापौर जुन्या बुपातीचा पोशाख चढवून मिरवणुकीने कौमान भागातल्या मोठ्या मशिदीत येतो, उलेमांचा निर्णय लोकांना वाचून दाखवतो आणि बेदुगवर टोला देतो. मग ‘गांजेल रेल’ नावाचा पाव वाटला जातो. दालचिनी घातलेला, वर तीळ लावलेला, तपकिरी आणि चांगलाच घट्ट. नावाचा अर्थ रुळांखालचा लाकडी स्लीपर! इंडोनेशियातली पहिली रेल्वे १८६७ साली याच सेमारांगमधून सुटली होती, तिची आठवण अशी पावाला चिकटून राहिली आहे.

मुलांचे लक्ष असते ते मात्र ‘वारक न्गेंडोग’कडे. हा चाकांवरचा, रंगीत कागदी केसांचा एक अजब प्राणी. तोंड चिनी ड्रॅगनचे, धड अरबांच्या उंटाचे, पाय जावातल्या बकरीचे, आणि पायांशी एक अंडे. न्गेंडोग म्हणजे अंडी घालणे. जावानी भाषेत वारक म्हणजे गेंडा; पण सेमारांगची वडीलधारी मंडळी हा शब्द अरबीतल्या ‘वरअ’शी जोडतात, म्हणजे संशयास्पद गोष्टींपासून स्वतःला आवरणे. महिनाभर जो आवरेल, त्याला शेवटी अंडे मिळेल, असा त्याचा अर्थ लावला जातो. अंडे ही चैन होती त्या काळात लहान मुलाला रोजाचे फळ समजावून सांगण्याची ही पद्धत नक्कीच पोहोचत असणार.

तीन भागांचा अर्थही शहरात सर्वांना पाठ आहे: चिनी, अरब आणि जावानी अशा तीन समाजांनी मिळून हे बंदर घडवले. खेळण्यात जे इतक्या सहज सांगितले गेले, ते शाळेच्या पुस्तकात यायला मात्र फार वेळ लागला.

इंडोनेशियन भाषेत इतिहासाला ‘सजाराह’ म्हणतात. हा अरबीतला ‘शजरा’, म्हणजे झाड. आपल्याकडे दर्ग्यात पीरांचा शजरा लावलेला असतो, तोच हा शब्द. झाड म्हटले की कोणत्या फांद्या दाखवायच्या आणि कोणत्या छाटायच्या, हे कुणीतरी ठरवते. जनरल सुहार्तो यांच्या राजवटीत, म्हणजे १९९८ पर्यंतची तीसेक वर्षे, ते जकार्तात ठरत असे. १९७५ साली ‘सजाराह नासिओनाल इंडोनेशिया’ हा सहा खंडांचा अधिकृत इतिहास निघाला आणि पाठ्यपुस्तके त्याच चौकटीत लिहिली गेली. त्यात चिनी वंशाच्या नागरिकांना जवळजवळ जागा नव्हती. त्याआधीच, १९६७ च्या अध्यक्षीय आदेशाने, चिनी सण आणि रिवाज उघड्यावर साजरे करण्यास मनाई झाली होती. ड्रॅगनचे तोंड मुलांच्या खेळण्यावर होते, रस्त्यावरचे सिंहनृत्य मात्र बंद होते.

याच काळातली एक गोष्ट इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. स्लामेत मुल्याना या अभ्यासकाने १९६८ मध्ये जावातील हिंदू राज्याचा अस्त आणि मुस्लिम राज्यांचा उदय यांवर पुस्तक लिहिले. जावात इस्लाम रुजवणाऱ्या नऊ वलींपैकी, म्हणजे ‘वाली सोंगो’पैकी, काही जण चिनी वंशाचे होते असे त्यात मांडले होते. १९७१ मध्ये सरकारने पुस्तकावर बंदी घातली. गंमत अशी की त्यांच्या पुराव्यातला एक मोठा भाग खरोखरच कच्चा होता. सेमारांगच्या चिनी मंदिरातली म्हणून सांगितलेली जी बखर त्यांनी वापरली, तिच्या अस्सलपणावर इतिहासकारांना आजही शंका आहे. पण कच्चा पुरावा खोडायचा तर तो वर्गात, सभेत सर्वांसमोर ठेवावा लागतो. बंदीने पुस्तकही गेले आणि तपासणीही. नहदतुल उलमाचे नेते राहिलेले अब्दुर्रहमान वाहिद राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा २००० साली त्यांनी १९६७ चा तो आदेश रद्द केला. २००३ पासून चिनी नववर्ष ही राष्ट्रीय सुट्टी आहे.

शाळांमध्ये बदल थोडा आधी सुरू झाला होता. १९९४ च्या अभ्यासक्रमात ‘मुआतान लोकाल’ नावाने स्थानिक विषयांना तासिका मिळाल्या. मध्य जावात जावानी भाषा अशाच तासाला शिकवली जाते. अलीकडच्या अभ्यासक्रमात स्थानिक शहाणपण हा मुलांच्या प्रकल्पांचा एक विषय झाला आणि दुगदेरानच्या मिरवणुकीत शाळांची पथकेही चालतात. हे चांगलेच आहे. मात्र कागदाचा वारक करून गुण मिळवणे वेगळे आणि त्याला ड्रॅगनचे तोंड का, असे विचारणे वेगळे. दुसऱ्या कामाला तयार शिक्षक लागतो.

अशा शिक्षकाला विटांमध्येच धडा मिळतो तो कुदुसला, सेमारांगच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर. कुदुस हे नाव अल्-कुद्स, म्हणजे जेरुसलेमवरून आलेले, आणि मशिदीचे नावही अल्-अक्सा. तिच्या शिलालेखात हिजरी ९५६, म्हणजे इसवी १५४९ हे वर्ष आहे. पण शेजारचा मिनार पाहिला तर देवळाचे शिखर वाटावे. सुमारे १८ मीटर उंच, लाल विटांचा, जावातल्या हिंदू मंदिरांच्या घडणीचा. भिंतीत चिनी मातीच्या थाळ्या बसवल्या आहेत आणि आत बेदुग आहे. वजूच्या जागी आठ तोट्या आहेत, प्रत्येकीवर कोरलेले एक मस्तक. बुद्धाच्या अष्टांग मार्गाशी हा आकडा जोडतात.

नऊ वलींपैकी सुनान कुदुस इथले. त्यांनी मशिदीच्या अंगणात सजवलेली गाय बांधली, ती पाहायला आलेल्या हिंदूंना कुरआनमध्ये गाईच्या नावाची सूरत आहे हे सांगितले आणि आपल्या लोकांना गाय न कापण्यास बजावले, अशी कथा आहे. कथा शिलालेखात नाही. ती लोकांच्या ताटात आहे: कुदुसचा सोतो, म्हणजे तिथला प्रसिद्ध रस्सा, म्हशीच्या मांसाचा किंवा कोंबडीचा असतो, आणि बकरी ईदला इथली अनेक कुटुंबे आजही म्हैसच कुर्बान करतात. इथेच शिक्षकाची कसोटी लागते. कथा जशीच्या तशी इतिहास म्हणून सांगितली तर मुले पुरावा मागायला शिकत नाहीत. नुसती दंतकथा म्हणून सोडून दिली तर शेकडो वर्षे पाळलेला एक नियम हातातून निसटतो. नियम खरा आहे. त्याच्या उगमाची गोष्ट तपासायची आहे. एवढा फरक दहा-बारा वर्षांच्या मुलांना नीट कळतो.

मराठी वाचकाला तर यात आणखी एक ओळखीची खूण सापडेल. १६३३ साली मातारामचा राजा सुलतान आगुंग याने जावाचे पंचांग बदलले. महिने हिजरी केले, पण वर्षांची मोजणी मोडली नाही. चालू शक १५५५ होता, तोच पुढे चालवला. हा आपलाच शालिवाहन शक. अधिक मास धरत नसल्यामुळे त्यांची वर्षे लवकर संपतात. म्हणून आपल्याकडे शक १९४५ होता तेव्हा जावानी पंचांगात १९५७ लागले होते. त्या पंचांगात रमजानच्या महिन्याला ‘पासा’ म्हणतात आणि इंडोनेशियन भाषेत रोजाला ‘पुआसा’. मूळ शब्द उपवास. पुण्याच्या फळाला ‘पाहाला’, पापाला ‘दोसा’, धर्माला ‘आगामा’.

कुदुसमध्ये रमजानच्या आधी मिनाराभोवती ‘दांदांगान’ची जत्रा भरते. पूर्वी सुनानचे शागिर्द इथे जमून रोजे कधीपासून हे ऐकण्याची वाट पाहत, असे सांगतात. बेदुगच्या ‘दांग’ आवाजावरून जत्रेला नाव पडले. आता तिथे मातीची खेळणी, कपडे, खाऊ अशी दुकाने लागतात. मुले आईवडिलांचा हात धरून येतात, सोतोच्या वाट्या रिकाम्या होतात, आणि गर्दीतून मान वर केली की विटांचा मिनार दिसतो.